महिला कर्मचारी, नमुना विभाग

कानसेनबाई घाबरट होत्या. हे त्या स्वतःच आधी सांगून टाकत, म्हणजे दुसऱ्या कुणाला शोधून काढायचे कष्ट नकोत. दाराची बेल वाजली की त्यांना वाटे, कुणीतरी वाईट बातमी घेऊन आलंय. बेल वाजली नाही की वाटे, बातमी इतकी वाईट आहे की ती सांगायला यायचा कुणाला धीर होत नाहीये. त्यांचा नवरा निवृत्त बसचालक. भरलेल्या गाड्या घेऊन आयुष्यभर घाट उतरलेला माणूस, त्याला बायकोच्या भीतीचं हसूच येई. "तू माझ्या बसमध्ये बसली असतीस ना, तर ब्रेक मला दाबायलाच लागला नसता," तो म्हणायचा. "मागच्या सीटवरून तूच दाबला असतास."

त्या विद्यापीठात लोकप्रशासन संशोधन केंद्रात कामाला होत्या. सरकारी खाती, संस्था आणि रहिवासी मिळून शहराचे प्रश्न कसे सोडवतात, किंवा सोडवल्यासारखं कसं करतात, हा त्या केंद्राचा अभ्यासविषय. त्यासाठी मुलाखती घेत. अधिकारी, परिचारिका, सफाई कामगार, वस्तीतल्या समित्यांचे अध्यक्ष, जो बोलेल त्याची. ती सगळी ध्वनिमुद्रणं ऐकून शब्दन् शब्द टाईप करायचा, हे कानसेनबाईंचं काम. तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक चिंचोळी खोली, एक टेबल, कानाला हेडफोन आणि पायाखाली एक पेडल. पेडल दाबलं की आवाज थांबतो, पुन्हा दाबलं की सुरू होतो. वर्षानुवर्षं अशा बसून ऐकत राहिल्यामुळे केंद्रातल्या कुणीतरी त्यांचं हे नाव पाडलं, आणि ते इतकं चिकटलं की पगारपत्रकावरचं नाव फक्त पगारपत्रकालाच ठाऊक राहिलं.

या कामाला खरं तर घाबरट माणूसच हवा. धीट माणसाच्या हातून नावं राहून जातात. लोक खोलीचं दार लावून, आवाज खाली आणून आपल्या साहेबाबद्दल, आपल्या खात्याबद्दल बोलतात, ते एकाच विश्वासावर की आपलं नाव कुठे येणार नाही. कानसेनबाईंना त्या विश्वासाची भीती वाटे. टाईप केलेलं त्या तीन-तीनदा तपासत. नाव काढायचं, त्याजागी हुद्दा लिहायचा. "एक परिचारिका." "समिती सदस्य." सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की घरीसुद्धा त्या नणंदेला शिवणवाली आणि शेजाऱ्यांना वीजमीटरवाले म्हणत. "मला तरी नाव आहे का, की मी आपला बसचालक?" असं नवरा विचारी, आणि त्या खरंच क्षणभर थांबत. पण इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक नाव बाहेर पडलं नव्हतं. घाबरट माणसाला मिरवायला फार काही नसतं. त्यांना एवढं होतं.

त्या वर्षी केंद्राने पिण्याच्या पाण्याचा अभ्यास घेतला होता. अभ्यासाच्या प्रमुख प्राध्यापकबाई हुशार, सडपातळ, बोलताना पेन हवेत फिरवणाऱ्या. त्यांनी एक नवी सूचना केली. शहराच्या कारभारात बायकांचा आवाज किती ऐकला जातो, हेही त्यांना बघायचं होतं. म्हणून हुद्द्याच्या आधी बोलणारी व्यक्ती बाई आहे की पुरुष, तेही लिहायचं. कानसेनबाईंनी मान डोलावली. नाव तर नव्हतंच लिहायचं. मग घाबरायचं कशाला?

त्याच अभ्यासात त्यांना तो आवाज भेटला. पाणीपुरवठ्याच्या नमुना विभागातली एक बाई. शहरभर फिरून नळाचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि प्रयोगशाळेत तपासायला द्यायचं, हे तिचं काम. आवाज घोगरा, आणि एक विचित्र खोड अशी, की वाईट काही सांगून झालं की ती हसायची.

"साहेब म्हणतात, टाकीशेजारच्या नळावरच भर सगळ्या बाटल्या," ती सांगत होती. "लाइनीच्या शेवटच्या घरांपर्यंत जाऊच नकोस. तिथलं पाणी तपासायला घेतलं तर आपल्याच गळ्याशी येईल. मग आम्ही एकाच नळावर बाटल्या भरतो आणि गल्ल्यांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या लावतो." मग ती हसली. मग म्हणाली, "माझं कंत्राट दरवर्षी साहेबांच्या सहीवर पुढे सरकतं. घरात कमावणारी मी एकटीच. तेवढं बघा हं."

कानसेनबाईंनी पेडल दाबून आवाज थांबवला आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं. दार तसं आधीपासूनच लावलेलं होतं. नंतर त्यांनी ते सगळं टाईप केलं, तीनदा तपासलं, आणि वर लिहिलं: महिला कर्मचारी, नमुना विभाग.

प्राध्यापकबाईंची पद्धत अशी, की आधी प्रत्येकाला एकेकटं ऐकायचं आणि मग सगळ्यांना एका सभागृहात आणायचं. अहवालाचा मसुदा प्रत्येक टेबलावर ठेवायचा. साहेब, कर्मचारी, रहिवासी सगळ्यांनी शेजारीशेजारी बसून तो वाचायचा. कोण बोललं ते कुणालाच कळणार नाही, पण काय बोललं गेलं ते सगळ्यांसमोर येईल. मग म्हणे माणसं एकमेकांवर न खेकसता प्रश्नाकडे बघतात. कागदावर हे छानच दिसतं.

सभेच्या दिवशी टेबलांवर रेकॉर्डर मांडायचं काम कानसेनबाईंकडे होतं. माणसं आली, खुर्च्या सरकल्या, चहाचे कागदी कप फिरले. पुढच्या टेबलावर पाणीपुरवठ्याचे मुख्य अभियंता येऊन बसले. गोरेगोमटे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांना खात्यात पाणीसाहेब म्हणत. पाण्याच्या लाइनीच्या शेवटच्या गल्लीतून एक निवृत्त मास्तर आले होते, वस्तीच्या समितीचे अध्यक्ष. प्राध्यापकबाईंनी सगळ्यांना आपापली ओळख करून द्यायला सांगितलं.

ओळखी फिरत फिरत मागच्या टेबलाशी आल्या आणि कानसेनबाईंच्या हातातली वायर तिथेच थांबली. तोच घोगरा आवाज.

"मी नमुना विभागात. बाटल्या भरते, म्हणून सगळे मला बाटलीताई म्हणतात," आवाज म्हणाला. ठेंगणीशी, चाळिशीची बाई, मांडीवर मोठी पर्स घट्ट धरलेली. "आमच्या विभागात तीन पुरुष आणि मी एकटी बाई. म्हणून चिडवायला मीच सापडते सगळ्यांना."

सभागृह हसलं. पाणीसाहेबही हसले. कानसेनबाईंनी मात्र टेबलावरच्या मसुद्याकडे बघितलं.

एकटी बाई. महिला कर्मचारी, नमुना विभाग. त्यांनी नाव काढलं होतं खरं, पण त्याजागी जे लिहिलं होतं, ते शहरात एकाच माणसाला लागू होत होतं. पत्ता, रस्ता, घर, सगळं दाखवून दिल्यासारखंच. आणि त्याच्या प्रती प्रत्येक टेबलावर पडल्या होत्या, आणि पाणीसाहेबांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटायला सुरुवातही केली होती.

प्राध्यापकबाई व्यासपीठावर बोलत होत्या, त्यांच्यापर्यंत जायचं तर सगळ्यांच्या देखत जावं लागलं असतं. कानसेनबाईंना जे सुचलं ते त्यांनी केलं. त्या एकेका टेबलाशी जाऊन प्रती गोळा करू लागल्या. "माफ करा, पानं उलटसुलट लागलीत. नव्या प्रती आणते." आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येत नव्हता. मास्तरांनी निमूट दिली. एका परिचारिकेने दिली. बाटलीताईने तर हसून दिली आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "बसा की जरा. घामाघूम झालात." त्यांना तिच्या डोळ्यांत बघवेना.

पुढच्या टेबलाशी पोहोचल्या तेव्हा पाणीसाहेबांचं बोट एका पानात होतं.

"पानं उलटसुलट..." कानसेनबाई म्हणाल्या.

"असू द्या हो," पाणीसाहेब वर न बघता म्हणाले. "सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली. उलटसुलट वाचायचीच सवय आहे."

टेबलावरचे लोक हसले. कानसेनबाई छातीशी प्रतींचा गठ्ठा धरून भिंतीला टेकल्या. साहेब वाचत होते. त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं, मध्येच थांबत होतं, मागे जात होतं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि हात वर केला.

"मॅडम, एक उतारा वाचून दाखवू का?" ते म्हणाले, आणि परवानगीची वाट न बघता वाचू लागले. टाकीशेजारचा नळ. शेवटची घरं. गल्ल्यांच्या चिठ्ठ्या. त्यांचा आवाज एखादी गोष्ट सांगावी तसा गोड होता. मागच्या टेबलाशी बाटलीताईची मान पर्सवर वाकत गेली.

"कोण बोललं ते मी विचारणार नाही," पाणीसाहेब म्हणाले. "नियम मला माहीत आहेत. इथे फक्त लिहिलंय, महिला कर्मचारी..." आणि पुढचं वाचायच्या आधी ते खुर्चीतल्या खुर्चीत सावकाश मागे वळू लागले.

कानसेनबाई आयुष्यात कधी सभेत बोलल्या नव्हत्या. पण ती मान मागे वळत होती, आणि ती पूर्ण वळली की सगळं संपणार होतं.

"ती चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. पाणीसाहेबही. मान अर्ध्यावरच राहिली.

"मी टाईप करते. तो उतारा इथला नाही. दुसऱ्या शहराचा एक जुना अभ्यास होता, त्यातलं पान यात मिसळलं. म्हणूनच मी प्रती गोळा करत होते."

प्राध्यापकबाईंचं पेन हवेतच थांबलं. त्यांना माहीत होतं की असा कुठलाही जुना अभ्यास नाही. त्यांनी कानसेनबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि काय समजल्या कोण जाणे, पण त्या गप्प राहिल्या.

"म्हणजे आमच्या शहराचा याच्याशी काही संबंध नाही?" पाणीसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग हे काढून टाका," ते प्रसन्नपणे म्हणाले. "आणि याच्यावर आधारलेलं जे काही पुढे असेल, तेही."

तेव्हा शेवटच्या गल्लीतले मास्तर उठले. "पण आमच्याकडच्या पाण्याला वास येतो, हे खरं आहे. मुलं आजारी पडतात. मी तुम्हाला बाटलीत आणून..."

"मास्तर, आत्ताच ऐकलंत ना," पाणीसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "ते दुसरं शहर." मास्तर खाली बसले.

सभा आटोपली. जाताना पाणीसाहेब कानसेनबाईंपाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या कामात चूक फार महागात पडते हो. सांभाळा." ते सहज म्हणाले, की जाणूनबुजून, ते त्यांना कळलं नाही.

सभागृह रिकामं झाल्यावर त्या रेकॉर्डर गोळा करत होत्या, तेव्हा बाटलीताई परत आली. इकडेतिकडे बघून तिने हलक्या आवाजात विचारलं, "बाई, त्या दुसऱ्या शहरातली ती बाई कोण हो?"

"का?"

"नाही, अगदी माझ्यासारखंच बोलली. मी तर मान खाली घालून बसले होते, म्हटलं माझंच वाचताहेत. अंगाचं पाणी पाणी झालं. आणि मग तुम्ही म्हणालात की ते तिकडचं." ती हसली. मग तिचं हसू विरलं. "तिचं आलं म्हणजे, माझं कुठे गेलं? मीही सांगितलं होतं ना."

कानसेनबाईंना सोपं होतं. हरवलं म्हणायचं, यंत्र बिघडलं म्हणायचं. ही बाई घरी गेली असती, कंत्राट शाबूत राहिलं असतं. पण तो आवाज त्यांनी इतक्या वेळा थांबवून थांबवून ऐकला होता, की त्याच्याशी खोटं बोलायला त्यांची जीभ उचलेना.

"ते तुमचंच होतं," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. मी 'महिला' लिहिलं, आणि तिथे तुम्ही एकट्याच आहात, हे मला माहीत नव्हतं."

बाटलीताई जवळच्या खुर्चीवर बसली. आता ती घाबरली होती, आणि ते बघून कानसेनबाईंना स्वतःच्या भीतीपेक्षाही जास्त वाईट वाटलं.

"म्हणजे साहेबांनी माझ्यासमोर माझंच वाचलं," ती म्हणाली.

"त्यांना कळलेलं नाही. त्यांना ते दुसऱ्या शहराचं वाटलं."

"आणि शेवटच्या गल्लीचं?"

"काढलं."

"सगळं?"

"सगळं."

बाटलीताई बराच वेळ पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. "मी ते सगळं सांगून गेले ना त्या दिवशी, तेव्हापासून मला जरा अन्न गोड लागत होतं," ती म्हणाली. "वाटलं, आपण काही केलं नाही, पण निदान सांगितलं तरी. आता ते सांगितलेलंही गेलं."

कानसेनबाई म्हणाल्या, "परत घालता येईल. नुसतं 'कर्मचारी' म्हणून. पण मग साहेबांना कळणार की ते इथलंच आहे. ते तुम्हा चौघांकडेच बघणार, आणि 'महिला' त्यांनी वाचलंय, म्हणजे आधी तुमच्याकडे."

"त्या तिघांचा काय दोष?" बाटलीताई म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "म्हणजे मला त्या तिघांना विचारायला हवं." हे म्हणताना तिच्या तोंडचं पाणी पळालेलं दिसत होतं, पण ती उठली.

दुसऱ्या दिवशी कानसेनबाई प्राध्यापकबाईंच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. नोकरी गेली, असंच धरून चालल्या होत्या.

"बाई की पुरुष ते लिहा, हे मीच सांगितलं होतं," प्राध्यापकबाई म्हणाल्या. "एकाच बाईचा विभाग असेल तर काय, हा विचार मी करायला हवा होता." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण आपण सभेत खोटं बोललो, बाई. तुम्ही बोललात आणि मी गप्प बसले. पुढच्या सभेत ते आपल्याला सांगावं लागेल. तुम्हाला आणि मला, दोघींना. पाणीसाहेबांसमोर."

कानसेनबाई घरी आल्या आणि जेवल्या नाहीत. "नुसतं उभं राहून बोलायचंय ना, कडेलोट थोडाच आहे?" नवरा म्हणाला. पण त्या रडायला लागल्या तेव्हा तो पुढे चिडवायचं विसरला आणि त्याने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. पाण्याला वास येतोय का, असं त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांचं घर टाकीजवळ होतं. वास येत नव्हता.

आठवड्याभराने चिंचोळ्या खोलीचं दार वाजलं. कानसेनबाई दचकल्या. बाटलीताई होती, आणि तिच्या मागे जिन्यावर दोन पुरुष उभे होते. एक ढेरपोट्या, धापा टाकत. दुसरा उंच, गालफडं बसलेला, सारखा खाली वाकून जिन्यातून कुणी येतंय का बघणारा.

"तिसरा येत नाही म्हणाला," बाटलीताईने सांगितलं. "म्हणाला, मी काही ऐकलं नाही असं समजा. पण आमचं सांगणार नाही कुणाला. तेवढा चांगला आहे." ती हसली. "या दोघांनी मला महिनाभर चिडवायचं नाही, असं कबूल केलंय, त्यावरनं तुम्हीच समजा किती घाबरलेत."

"मी नाही घाबरलो," ढेरपोट्या म्हणाला, आणि दार आतून लावून घेतलं.

खोलीत चौघांना बसायला जागा नव्हती. ढेरपोट्या टेबलाच्या कडेला टेकला. एकट्या बाईच्या बोलण्यापेक्षा तिघांनी तेच सांगितलं, तर ते खोडून काढणं साहेबांना जड जाईल, असा त्यांचा हिशेब होता. तिघांना एकदम काढलं, तर बाटल्या कोण भरणार? बाटलीताईनेच तो मांडला होता आणि दोघांना पटवला होता. आता मात्र तो हिशेब सगळ्यांना जरा लंगडाच वाटत होता.

"नाव येणार नाही ना?" उंच माणसाने विचारलं.

"नाही," कानसेनबाई म्हणाल्या. "बाई-पुरुषही लिहिणार नाही. विभागही नाही. नुसतं पाणीपुरवठा कर्मचारी."

"म्हणजे साहेबांना कळणार नाही."

इतकी वर्षं असं कुणी विचारलं, की केंद्रातलं कुणीतरी हसून सांगत असे, छे, काळजीच करू नका. कानसेनबाईंनी ते वाक्य शेकडो वेळा टाईप केलं होतं. ते त्यांच्या ओठांवर आलंही.

"कळू शकतं," त्या म्हणाल्या. "मी मागे एकदा चुकले आहे. पुन्हा चुकणार नाही असं बघेन, पण कळणारच नाही, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

उंच माणूस उठला. एका पावलात तो दाराशी पोहोचला आणि त्याने कडीवर हात ठेवला. तो कडी धरून तसाच उभा राहिला, पाठमोरा, आणि त्याच्या शर्टावर पाठीच्या मधोमध घाम उमटत गेला. मग त्याने कडी सोडली आणि परत येऊन खुर्चीत बसला.

"करा चालू," तो म्हणाला.

कानसेनबाईंनी रेकॉर्डर पुढे सरकवला आणि बटणावर बोट ठेवलं. बोट इतकं थरथरत होतं की बटण दाबलंच जाईना. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तरी होईना. तेव्हा बाटलीताईने त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि बटण स्वतः दाबलं.